मातीवरचा संशय

नाल्यावरच्या पुलाखालचा गाळ किरणोत्सार मोजायच्या यंत्रात ठेवून ती चहा प्यायला गेली, आणि परत येऊन पाहते तर यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात किरणोत्सारी कोबाल्टची दोन शिखरे उभी. कोबाल्ट ओळखायला अवघड नाही. त्याची शिखरे नेहमी जोडीने येतात, शाळेला निघालेल्या जुळ्या बहिणींसारखी; एक दिसली की दुसरी मागोमाग असणारच. तिला आधी बरणीचाच संशय आला. मागच्या कुठल्या तरी नमुन्याचा कण चिकटून राहिला असेल म्हणून तिने नवी बरणी घेतली, तोच गाळ पुन्हा भरला, पुन्हा ठेवला. जुळ्या बहिणी पुन्हा हजर.

प्रमाण फार नव्हते. त्या गाळात हात घातला म्हणून कोणाला काही झाले नसते. पण घरात चोर शिरला तर तो केवढा होता हे नंतर बघायचे. आधी बघायचे, तो शिरला कुठून.

तिचे संशोधन केंद्र डोंगराच्या उतारावर होते. वर लांबट इमारती, मध्ये मोकळा माळ, खाली नाला, आणि नाल्यावरून जाणाऱ्या रस्त्याचा हा लहानसा पूल. किरणोत्सारी कामात वापरलेल्या झडपा, नळ, चिमटे धुतले की जे पाणी निघे, ते वरच्या अंगाला चिकणमातीत खणलेल्या एका लांब खंदकात सोडत. त्याचे नावच मुरवणीचा खंदक. पाणी मुरायचे आणि मातीने त्यातले विष गाळून ठेवायचे, असा तो बेत होता.

बेत वेडगळ नव्हता. चिकणमातीचा कण म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या पातळ पानांची चळत असते. त्या पानांवर विजेचा ऋण भार असतो, आणि पाण्यात विरघळलेल्या धातूवर धन भार. त्यामुळे धातू जवळून जाऊ लागला की पाने त्याला ओढून धरतात. पाणी पुढे निघून जाते, धातू मागे राहतो. वाळूत असे होत नाही. वाळूचे दाणे म्हणजे गुळगुळीत गोट्या, त्यांच्याकडे धरायला फारसे काही नसते. पण उतारावर वाळू नव्हतीच. होती ती चांगली जाड, पायाला चिकटणारी चिकणमाती. तिच्यातून नाल्यापर्यंत यायला कोबाल्टला माणसाचे आयुष्य पुरले नसते. आणि तेवढ्या काळात तो मुळात उरतच नाही, दर पाच-सव्वापाच वर्षांनी अर्धा अर्धा होत विझतो.

म्हणून मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक बसली तेव्हा तिने छातीठोकपणे सांगितले, “हा मातीतून आलेला नाही. कोणीतरी आणून टाकलाय.”

केंद्रात तिला सगळे मातीबाई म्हणत, आणि मातीबाईचा शब्द म्हणजे मातीच्या बाबतीत शेवटचा. सुरक्षा अधिकारी खुर्चीत मागे रेलले. त्यांना मागून सगळे दुर्बीण म्हणत, कारण समोर बसलेल्या माणसाकडेही ते फार लांबून बघितल्यासारखे बघत. त्यांनी शांतपणे सांगितले, की इमारतींतल्या हात धुण्याच्या बेसिनांचे पाणी टँकरने खालच्या शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे जाते. केंद्रात त्याला संशयाचे पाणी म्हणत. बहुधा ते स्वच्छच असे, पण तपासल्याशिवाय सोडायचे नाही असा नियम होता. तो टँकर संध्याकाळच्या फेरीला पुलाजवळ उभा राहतो, चालक खाली उतरतो, बराच वेळ वर येत नाही, असे पहारेकऱ्याने पाहिले होते. पाणी नाल्यातच ओतले की टाक्यांपर्यंत जायची गरज उरत नाही, आणि वाचलेले डिझेल विकता येते.

“चालक तुमचे कोण लागतात ते मला ठाऊक आहे,” दुर्बीण म्हणाले. “म्हणूनच तुमच्यासमोर बोलतोय. अहवाल तुम्हीच द्या. दिराला झाकायला गेलात, तर तेही दिसेल मला.”

टँकरचा चालक म्हणजे तिचा थोरला दीर. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. अहवालात दोष निघाला तर दादांची नोकरी जाणार होती आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार होते. आणि त्यांच्या गळ्याभोवती दोर टाकणारे वाक्य तिच्याच तोंडून निघाले होते.

घर एकच, स्वयंपाकघर एकच. सासूबाई, दादा, ती आणि तिचा नवरा. नवरा छापखान्यात कामाला होता. दिवसभर इतके शब्द जुळवायचा की घरी आल्यावर एकही खर्चायला तयार नसे. दादांनी लग्न केले नव्हते. सासूबाई म्हणत, त्याने टँकरशीच लावलंय, आणि हुंडा म्हणून पंक्चर घेतलंय. दादा तिला डॉक्टरीण म्हणून हाक मारत. मातीची का होईना, डॉक्टरीणच ना.

त्या संध्याकाळी दादा नेहमीसारखे उशिरा आले. ती टेबलाशी मटार सोलत होती. तिने त्यांच्याकडे बघायचे नाही असे ठरवले होते, म्हणूनच की काय, तिला सगळे दिसत राहिले. बाह्या ओल्या. कपाळ धुतल्यासारखे. बुटांवर ताजा राखाडी चिखल, आणि वरच्या इमारतींत तर सगळीकडे फरशी. उशीर का झाला म्हणून सासूबाईंनी विचारले, तर ते म्हणाले वाटेत थांबलो होतो, आणि आपल्या खोलीत गेले. पूर्वी ती हे उत्तर ऐकून विसरली असती. आता तिच्या लक्षात आले की गेल्या हिवाळ्यापासून ते रोज हेच उत्तर देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत तिने चमच्याने त्यांच्या बुटांचे तळवे खरवडले आणि चिखल बरणीत भरून नेला. त्यात कोबाल्ट निघाला. थोडासाच, पण जोडीने. तिला वाटले होते की काही निघणार नाही आणि मग आपण सुटलो. आता धड कोणीच सुटले नव्हते.

पुढच्या सकाळी न्याहारीला दादा बूट हातात घेऊनच आले.

“या घरात माझे बूट आजवर कोणी पुसले नाहीत,” ते म्हणाले. “आता तळवेसुद्धा खरवडायला लागले? लाड वाढलेत माझे.” मग तिच्याकडे वळून हळूच विचारले, “काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला की गेला?”

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केले. तिने मान वर न करता विचारले, “दादा, पुलाजवळ रोज का थांबता?”

“थांबतो.”

“काय करता तिथं?”

“बसतो,” दादा म्हणाले. बूट चढवले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

तिने मग घरात सगळे सांगून टाकले. नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी केली. सासूबाईंनी मात्र कप विसळता विसळता तिला चांगलेच फैलावर घेतले. माझा मुलगा तिरसट आहे, म्हणाल्या, आळशीही असेल, पण आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकणाऱ्यातला नाही. बुटाला चिखल लागला म्हणजे तो तिथे गेला होता एवढेच. काय केले ते बूट कुठे सांगतात? “आणि तुझी माती खोटं बोलत नाही म्हणतेस ना? मग तिला नीट विचार. पोरांना एकदा विचारून खरं कळत नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेनं विचारावं लागतं.”

आईच्या मायेने बोलल्या म्हणून ते बोलणे सोडून देता आले असते. पण ती घरातून निघाली तेव्हा तेच डोक्यात घोळत होते. पहिल्यांदा तिने विचारले होते ते फावडीने. फावडीने उचलला की गाळ वरचा, खालचा, सगळा कालवला जातो, आणि कालवलेला गाळ फक्त एवढेच सांगतो की आहे. केव्हापासून, कुठून, हे सांगायला त्याचे थर जागच्या जागी राहावे लागतात.

नाल्याच्या तळाशी गाळ साचतो तो अंथरुणाच्या घड्यांसारखा. जुनी घडी खाली, नवी वर. कोणी रोज वरून काही ओतत असेल, तर सर्वांत वरची घडी सर्वांत मळलेली निघाली पाहिजे.

ती दोन्ही बाजूंनी उघडी नळी घेऊन पुलाखाली उतरली. दुर्बिणींनी पाठवलेला पहारेकरी काठावर उभा राहून तिच्या हातांकडे बघत होता. तिने नळी गाळात सरळ खाली दाबली, वरून बूच लावले आणि गाळाची अखंड कांडी उपसून काढली; मग काठाच्या बुडाशी तशीच दुसरी. प्रयोगशाळेत नेऊन तिने दोन्ही कांड्यांच्या चकत्या केल्या आणि प्रत्येक चकतीची कड सुरीने तासून टाकली. हे न विसरण्याचे काम. नळी खाली जाताना वरचा गाळ कडेकडेने खाली ओढत नेते. कड ठेवली तर वरचे पाप खालच्याच्या माथी बसते.

चकत्या मोजल्या. वरच्या जवळजवळ स्वच्छ होत्या. कोबाल्ट होता खाली, आणि सर्वांत जास्त होता तो काठाच्या बुडाशी, जिथे जमिनीतून पाणी पाझरून माती कायम ओलसर राहते. पुलाच्या कठड्याचे टोक उतरत तिथपर्यंत आले होते. बसायला बरी जागा. बसणाऱ्याचे बूट त्याच ओलीत टेकत.

म्हणजे वरून कोणी ओतले नव्हते. पाणी आतून येत होते.

तिला हायसे वाटायला हवे होते, आणि वाटलेही. पण लगेच पायाखालचे काही सरकल्यासारखे झाले. आयुष्यभर तिने माणसांवर, यंत्रांवर, बरण्यांवर संशय घेतला होता. मातीवर कधी घेतला नव्हता.

मग तिने पुलापासून खंदकापर्यंत उतारावर एका ओळीत भोके पाडली. प्रत्येक भोकातल्या मातीत कोबाल्ट होता, आणि वर खंदकाकडे जावे तसा वाढत होता. विशेष म्हणजे त्याच खंदकात, त्याच पाण्यातून पडलेला सीझियम हा दुसरा किरणोत्सारी धातू मात्र भिंतीला चिकटून होता. हातभर अंतरही त्याने कापले नव्हते. म्हणजे माती बिघडली नव्हती. एकाला ती घट्ट धरून होती आणि दुसऱ्याला वाट देत होती. दुर्बिणींना तिने हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, की सोयीची माती दिसते तुमची. त्यात त्यांचे काही चुकले नाही. तिलाही ते तसेच वाटत होते.

मातीने कोबाल्टला सोडायचे कारण काय? भारामुळे धरते, भार झाकला तर धरणार नाही. मग तो झाकतो कोण? विचार करत ती धुलाई विभागात गेली.

तिथल्या प्रमुखांना फेसराव म्हणत. स्वच्छतेचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या फरशीवर पाऊल टाकताना साहेबसुद्धा चोरट्यासारखे चालत. तिने विचारले की खंदकात काय काय जाते. फेसरावांनी बोटांवर मोजून सांगितले: कोबाल्ट किती, सीझियम किती, अमुक किती, तमुक किती. सगळे तिच्या गणितात होतेच. बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे पांढऱ्या भुकटीची पिंपे छतापर्यंत रचलेली होती.

“आणि हे?” तिने विचारले.

फेसराव हसले. “हा साबण आहे, बाई. साबण कुठं कचऱ्यात धरतात?”

तो आंघोळीचा साबण नव्हता. किटलीच्या बुडाला बसलेला पांढरा थर लिंबाच्या सत्त्वाने सुटतो, तसा झडपांना चिकटलेला धातू या भुकटीने सुटतो. ती धातूच्या कणाला चहूबाजूंनी कवेत घेते आणि पाण्यात ओढते. कवेत घेतलेल्या धातूचा भार बाहेर दिसत नाही. माती त्याला धरायला जाते आणि तिच्या हाताला काहीच लागत नाही. सीझियमला मात्र ही भुकटी विचारत नाही, म्हणून तो बिचारा मातीच्या तावडीत अडकून राहतो.

आणि ही भुकटी वर्षानुवर्षे, पिंपामागून पिंप, धुण्याच्या पाण्याबरोबर त्याच खंदकात जात होती. कोणी लपवले नव्हते. केंद्रात सगळ्यांनी घाण मोजली होती, काट्यावर, अगदी काटेकोर. साबण घाण नव्हता, म्हणून तो कोणी मोजला नव्हता. फेसरावांनी नाही, साहेबांनी नाही आणि मातीबाईंनी तर नाहीच.

पण आता तिचा स्वतःच्या शहाणपणावरही विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने ताडून पाहिले. खंदकाजवळची माती काचेच्या दोन नळ्यांत सारखी ठासली. दोन्हींत वरून थेंबभर कोबाल्ट सोडला. एकीत साधे पाणी घातले, दुसरीत साबणाचे. साध्या पाण्याच्या नळीत कोबाल्ट वरच बसून राहिला, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा. साबणाच्या नळीखालच्या भांड्यात तो पाण्याबरोबर टपकत आला.

पुढच्या बैठकीत तिने दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या आणि सगळे क्रमाने सांगितले. फेसराव आधी चिडले, मग पांढरे पडले. साबण विषारी नाही, किरणोत्सारी नाही, तर त्याची नोंद कशासाठी करायची, असे ते म्हणत राहिले. साहेबांनी त्यांना बसायला सांगितले. साबणाचे पाणी खंदकात जाणे त्याच दिवशी बंद झाले, नाल्याला कुंपण घालायचे ठरले, आणि पाझर अडवून उपसायचा कसा यावर बोलणे सुरू झाले. तिला वाटले, संपले.

“माती सुटली,” दुर्बीण म्हणाले. “माणूस सुटायचाय. ओतायचं नव्हतं, तर टँकर तिथं रोज थांबायचा कशाला?”

दादांना बाहेर बसवले होते. त्यांना आत बोलावले. ते दाराशी उभे राहिले, टोपी हातात घेऊन. चौकशी गाळाची होती आणि ती पुरी झाली, असे ती बोलायला लागली होती. साहेबही मान डोलवत होते. दादांनीच तिला हाताने थांबवले.

“संध्याकाळच्या फेरीला सूर्य समोर येतो,” ते म्हणाले. “समोर आला की मला रस्ता दिसत नाही. सगळं पांढरं होतं. सायकलवालं पोर आलं तरी कळायचं नाही. म्हणून तो डोंगराआड जाईपर्यंत कठड्यावर बसतो, डोळ्यावर पाणी मारतो. पाठीमागं संशयाचं पाणी भरलेलं. ते घेऊन आंधळ्यासारखं चालवू?”

दुर्बिणींनी पहिल्यांदाच खाली बघितले. साहेबांनी टँकरच्या किल्ल्या मागितल्या आणि दादांनी त्या टेबलावर, काचेच्या नळ्यांशेजारी ठेवल्या. चोरीचा आळ गेला, पण टँकरही गेला. त्यांना पंपघरात बसवण्यात आले, डोळ्यांची तपासणी होईपर्यंत.

तपासणीला ती त्यांच्याबरोबर गेली. वाटेत चालता चालता दादा म्हणाले, “आधी बुटांना विचारलंस. मग मला.”

“आधी तुम्हाला विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?”

“नाही,” ते म्हणाले. आणखी काही पावले गेल्यावर पुन्हा म्हणाले, “पण विचारायचं तरी.”

तिने माफी मागितली. ते “हं” म्हणाले. त्यात माफ केले की नाही ते कळले नाही, आणि या वेळी तिने खोदून पाहिले नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात मागून दिवा लावलेला अक्षरांचा तक्ता होता. डॉक्टरांनी दादांना खुर्चीत बसवले, एक डोळा झाकला आणि वाचायला सांगितले. दादांनी वरपासून खालपर्यंत एका दमात वाचून दाखवले. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. ती मात्र दादांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते तक्त्याकडे बघतच नव्हते. कविता म्हणणाऱ्या मुलासारखे छताकडे बघत होते. केंद्रातल्या दर वर्षीच्या तपासणीत हाच तक्ता असणार, आणि दर वर्षी ते असेच पास झाले असणार.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “दुसरा एखादा तक्ता आहे का?”

दादांनी तिच्याकडे असे बघितले, की उकळता चहा थंड झाला असता. डॉक्टरांनी तक्ता काढला आणि पाठीमागची बाजू पुढे केली. दादा आता खरोखर बघू लागले. डोळे बारीक केले, मान पुढे काढली, मान मागे घेतली.

“वर एक अक्षर आहे,” शेवटी ते म्हणाले. “बाकी नुसता उजेड.”

डॉक्टरांनी छोट्या दिव्याने दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला, काढता येण्यासारखा. दादांनी लगेच विचारले की काढल्यावर टँकर चालवता येईल का. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल, पण शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासून बघू.

“बघा, बघा,” दादा म्हणाले आणि अंगठ्याने तिच्याकडे खूण केली. “पण तक्ता हिला विचारून लावा. तुम्ही सोडाल मला, ही नाही सोडायची.”